सर्वांत चांगले कुठले? अमेरिकी दक्षिणेतील बार्बेक्यू आणि डोनट

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत बार्बेक्यू म्हणजे लाकडाच्या निखाऱ्यांच्या मंद आचेवर आणि धुरात कित्येक तास शिजवलेले मांस. अंगणातल्या शेगडीवर अर्ध्या तासात भाजलेले सॉसेज किंवा कोंबडीची तंगडी त्यात मोडत नाही. व्हर्जिनियापासून टेक्सासपर्यंतच्या पट्ट्यात बार्बेक्यूचे दुकान आणि डोनटचे दुकान हे दोन्ही गावाच्या अभिमानाचे विषय आहेत. त्यांतले सर्वांत चांगले कुठले, हा वाद घरच्या जेवणापासून विधिमंडळापर्यंत सगळीकडे चालतो. वादाची भाषा चवीची असली तरी तो बहुतेक वेळा हद्दीचा असतो. कोणते जनावर, त्याचा कोणता भाग, कोणते लाकूड आणि वर काय शिंपडायचे, हे प्रत्येक भागाने आपापल्या परीने ठरवून टाकले आहे. त्यामुळे एका जिल्ह्यातला पहिला नंबर शंभर मैलांवर गेला की मुळात बार्बेक्यू तरी आहे का, इथून सुरुवात होते.

या पाककृतीची सुरुवात व्हर्जिनिया आणि कॅरोलिनाच्या वसाहतींत झाली. लाकडी चौकटीवर मांस ठेवून खालून मंद विस्तव देण्याची रीत मूळ अमेरिकन रहिवाशांची, डुकरे युरोपीयांनी आणलेली, आणि प्रत्यक्ष राबणारे हात बहुतांशी आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांचे. जंगलात मोकाट सोडली तरी डुकरे स्वतःचे पोट भरत, म्हणून दक्षिणेत डुकराचे मांस हेच गरिबाचे आणि मेजवानीचेही मांस ठरले. अठराव्या शतकात बार्बेक्यू हा सार्वजनिक समारंभ होता. जॉर्ज वॉशिंग्टनने 1769 साली अलेक्झांड्रियातल्या एका बार्बेक्यूला गेल्याची नोंद आपल्या रोजनिशीत केली आहे. निवडणुकीच्या सभा, स्वातंत्र्यदिन, चर्चचे वार्षिक मेळावे अशा प्रसंगी जमिनीत लांब चर खणून त्यात रात्रभर निखारे ठेवले जात. दुकाने पुष्कळ नंतरची, साधारण विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांतली.

वाद सर्वांत जुना आणि सर्वांत चिवट आहे तो नॉर्थ कॅरोलिनात. या एकाच राज्याचे दोन तट आहेत. पूर्वेकडे अख्खे डुक्कर उभे चिरून, पालथे घालून रात्रभर भाजतात. मग सगळ्या भागांचे मांस एकत्र करून सुऱ्यांनी बारीक कुटतात आणि त्यावर व्हिनेगर, मीठ आणि मिरचीचे पातळ पाणी शिंपडतात. टोमॅटोचा थेंबही त्यात चालत नाही. पश्चिमेकडे, लेक्सिंग्टन गावाच्या आसपास, फक्त खांद्याचा भाग भाजतात, आणि व्हिनेगरच्या पाण्यात थोडे केचप घालतात. कोबीच्या कोशिंबिरीतही मेयोनेझ न घालता तेच तांबूस पाणी घालतात. बाहेरच्या माणसाला हा फरक चमचाभर केचपचा वाटतो. तिथल्या माणसाला तो घराण्याचा वाटतो.

पूर्वेकडचे ठळक नाव म्हणजे एडन गावातले स्कायलाइट इन. पीट जोन्स यांनी ते 1947 साली, अवघ्या सतराव्या वर्षी काढले. ओकच्या लाकडाचे निखारे, अख्खे डुक्कर, त्याच्या कुरकुरीत कातड्याचे तुकडे मांसातच मिसळलेले, सोबत साखर न घातलेला मक्याचा चपटा पाव आणि कोशिंबीर, एवढाच तिथला बेत. एका पुस्तकाने या दुकानाला बार्बेक्यूची राजधानी म्हटले, तेव्हा जोन्स यांनी ते शब्दशः घेतले आणि 1984 साली दुकानाच्या छपरावर वॉशिंग्टनच्या संसदभवनासारखा घुमट बसवला. तो अजूनही आहे. 2003 साली दुकानाला अमेरिकी खाद्यक्षेत्रात मानाच्या समजल्या जाणाऱ्या जेम्स बिअर्ड प्रतिष्ठानचा ‘अमेरिकाज क्लासिक्स’ हा सन्मान मिळाला.

लेक्सिंग्टनची लोकवस्ती वीस हजारांच्या आसपास, आणि बार्बेक्यूची दुकाने डझनाहून जास्त. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात इथे न्यायालयाच्या कामकाजाच्या आठवड्यात खेड्यापाड्यांतून माणसे येत. त्यांच्यासाठी कोर्टासमोर तंबू ठोकून मांस विकायला सुरुवात झाली आणि त्या तंबूंची पुढे दुकाने झाली. अख्खे डुक्कर मेजवानीला ठीक, पण रोजच्या विक्रीला खांदा सोयीचा असतो. त्यात चरबी आणि मांस यांचे प्रमाण बरे असते आणि वाया काही जात नाही. वेन मंक यांनी 1962 साली काढलेले लेक्सिंग्टन बार्बेक्यू हे या परंपरेतले सर्वांत परिचित दुकान. गावात 1984 पासून दर ऑक्टोबरात बार्बेक्यू महोत्सव भरतो. या महोत्सवाला राज्याचा अधिकृत दर्जा द्यावा असे विधेयक आले तेव्हा पूर्वेकडचे आमदार खवळले. शेवटी 2007 मध्ये विधिमंडळाने त्याला फक्त त्या प्रदेशापुरता अधिकृत खाद्यमहोत्सव ठरवून पळवाट काढली. आमदारांनी दाखवलेला हा शहाणपणा खाद्यसमीक्षकांत क्वचितच आढळतो.

शेजारच्या साउथ कॅरोलिनात मोहरीचा पिवळा सॉस लोकप्रिय आहे आणि त्याचे श्रेय अठराव्या शतकात तिथे वसलेल्या जर्मन शेतकऱ्यांना देतात. पण राज्याच्या ईशान्य भागात पुन्हा व्हिनेगर आणि मिरचीच. तिथल्या हेमिंग्वे गावात 1972 साली सुरू झालेल्या कौटुंबिक दुकानात रॉडनी स्कॉट लहानपणापासून डुकरे भाजत होते. 2017 मध्ये त्यांनी चार्ल्स्टन शहरात स्वतःचे दुकान उघडले आणि 2018 मध्ये आग्नेय विभागातील सर्वोत्तम शेफचा जेम्स बिअर्ड पुरस्कार त्यांना मिळाला. निखाऱ्यांवर डुक्कर भाजणाऱ्या माणसाला पांढऱ्या डगल्यातल्या शेफच्या रांगेत बसवणे ही तोवर न घडलेली नसली तरी फारच दुर्मीळ गोष्ट होती.

बाकीची राज्ये भराभर पाहता येतात. जॉर्जियात मांसासोबत भाज्यांचा आणि मांसाचा दाट ब्रन्सविक रस्सा हवाच. केंटकीच्या ओवेन्सबरो भागात मेंढीचे मांस भाजतात, कारण एकोणिसाव्या शतकात लोकरीसाठी तिथे मेंढ्या वाढल्या आणि म्हाताऱ्या मेंढीचे चिवट मांस मऊ करायला मंद आचेखेरीज उपाय नव्हता. अलाबामातल्या डिकेटर गावी बिग बॉब गिब्सन यांनी 1925 पासून चालवलेल्या दुकानाने मेयोनेझ, व्हिनेगर आणि मिऱ्याचा पांढरा सॉस रूढ केला. धुरावर शिजलेली अख्खी कोंबडी त्यात बुडवून काढतात. तो सॉस बराच काळ त्या भागाबाहेर फारसा गेला नाही, आणि त्याबद्दल तिथे कुणाला खंतही नव्हती.

टेनेसीतल्या मेम्फिसमध्ये झुकते माप डुकराच्या बरगड्यांना. सॉस माखलेल्या ओल्या बरगड्या आणि मसाला भुरभुरलेल्या कोरड्या बरगड्या, असा तिथला पोटवाद आहे. कोरड्यांचे श्रेय रॉन्डेव्हू या तळघरातल्या उपाहारगृहाला जाते. ग्रीक कुटुंबातल्या चार्ली व्हर्गोस यांनी ते 1948 साली सुरू केले. तिथे बरगड्या लोणारी कोळशाच्या धगीवर तास-सव्वा तासात भाजतात. कर्मठांच्या व्याख्येत हे बसत नाही, आणि तरीही शहराचे नाव जगभर त्याच दुकानामुळे झाले. 1978 पासून मेम्फिसमध्ये दर मे महिन्यात जागतिक म्हणवणारी बार्बेक्यू स्पर्धा भरते. स्पर्धेत परीक्षकाला एक-दोन घास खायचे असतात, म्हणून गोडी आणि मसाला चढा ठेवतात. दुकानात माणूस ताटभर खातो. त्यामुळे स्पर्धेतला विजेता आणि गावातले सर्वांत चांगले दुकान यांचा एकमेकांशी संबंध असेलच असे नाही.

टेक्सासमध्ये डुक्कर मागे पडते आणि गोमांस पुढे येते. मध्य टेक्सासात एकोणिसाव्या शतकात जर्मन आणि चेक स्थलांतरितांनी खाटिकखाने काढले. न विकलेले मांस ते धुरी देऊन ठेवत. कापूस वेचायला आलेले मजूर ते मांस विकत घेत आणि मेणकागदावर ठेवून तिथेच उभ्या उभ्या खात. ताटाऐवजी कागद, वजनावर विक्री, सोबतीला कांदा, लोणच्याची काकडी आणि खारी बिस्किटे, हा आजचा शिरस्ता तिथून आला. गुरांच्या छातीचा भाग, म्हणजे ब्रिस्केट, हा मात्र बराच नंतर मुख्य झाला. तो स्वस्त आणि चिवट म्हणून दुर्लक्षित होता. मीठ-मिरे चोळून, ओकच्या धुरात बारा-चौदा तास ठेवल्यावर तो इतका मऊ होतो की कापताना सुरीला काही करावे लागत नाही.

लॉकहार्ट या गावाला विधिमंडळाने 1999 मध्ये टेक्सासची बार्बेक्यू राजधानी जाहीर केले, आणि त्याच वर्षी तिथले एक घर फुटले. क्रॉइट्झ मार्केट हे 1900 सालचे दुकान. 1948 साली ते एडगर श्मिट यांनी विकत घेतले. पुढे धंदा मुलाकडे आणि इमारत मुलीकडे आली. भाड्यावरून बहीण-भावाचे जमेना, तेव्हा भावाने थोड्या अंतरावर नवी भव्य इमारत बांधली आणि जुन्या भट्टीतले धगधगते निखारे पत्र्याच्या टोपात घालून रस्त्याने ओढत नव्या भट्टीत नेले. बहिणीने जुन्या जागेत वडिलांच्या नावाने स्मिटीज मार्केट उघडले. एकाकडे नाव आणि निखारे, दुसरीकडे काजळलेल्या भिंती आणि भट्ट्या. खरे दुकान कुठले, यावर लॉकहार्टमध्ये अजून एकमत नाही. 1932 सालचे ब्लॅक्स हे तिसरे दुकान या भांडणाचा फायदा घेत शांतपणे चालू आहे.

इतक्या पद्धतींमध्ये समान काय, हे पाहायचे तर मांसात काय घडते ते पाहावे लागते. खांदा आणि छाती हे जनावराचे सतत राबणारे भाग, म्हणून त्यांत कोलॅजेन हा चिवट तंतू भरपूर असतो. सुमारे 70 अंश सेल्सिअसच्या पुढे तो हळूहळू विरघळून जिलेटिन होतो आणि मांस मऊ, रसदार लागते. आच मोठी केली तर कोलॅजेन विरघळण्याआधीच मांस वाळते. म्हणून भट्टीचे तापमान साधारण 110 ते 130 अंशांत राखतात. मधल्या टप्प्यात मांसाच्या पृष्ठभागावरून पाणी उडू लागते आणि त्या गारव्यामुळे आतले तापमान कित्येक तास जागचे हलत नाही. नवखा माणूस इथेच घाबरून विस्तव वाढवतो. कापल्यावर कडेने दिसणारी गुलाबी रेघ कच्चेपणाची खूण नसते. धुरातला नायट्रिक ऑक्साइड मांसातल्या मायोग्लोबिनशी बांधला गेल्याने ती उमटते.

वादाचा खरा मुद्दा त्यामुळे विस्तवाचा आहे. रात्रभर लाकूड जाळून निखारे पाडायचे, फावड्याने ते मांसाखाली पसरायचे आणि डोळ्याला डोळा न लावता आच राखायची, हे काम महाग आणि कष्टाचे आहे. आगीचा धोका वेगळाच. गॅसच्या किंवा विजेच्या पेटीत लाकडाचे चार तुकडे टाकून हेच काम बिनधोक होते, आणि दक्षिणेतल्या पुष्कळ दुकानांनी तो मार्ग धरला आहे. त्याविरुद्ध नॉर्थ कॅरोलिनातले समाजशास्त्रज्ञ जॉन शेल्टन रीड यांनी 2013 मध्ये एका सहकाऱ्यासह मोहीम उघडली आणि फक्त लाकडावर शिजवणाऱ्या दुकानांना प्रमाणपत्रे द्यायला सुरुवात केली. सॉसवरची भांडणे मनोरंजक असतात. दुकान निवडताना मात्र मागच्या अंगणात लाकडाची रास आहे का, हे पाहणे जास्त उपयोगी.

रात्रभर जागणारी ही माणसे कोण होती, हा प्रश्न दुकानांच्या याद्यांनी फार काळ टाळला. भट्टीवर कृष्णवर्णीय, गल्ल्यावर गोरा मालक आणि बसायच्या जागेत फक्त गोरी गिऱ्हाइके, ही विसाव्या शतकातल्या अनेक दुकानांची रचना होती. बर्मिंगहॅममधल्या ऑलीज बार्बेक्यूमध्ये 36 पैकी दोनतृतीयांश नोकर कृष्णवर्णीय होते, पण कृष्णवर्णीय गिऱ्हाइकाला फक्त बांधून नेण्याची मुभा होती. 1964 च्या नागरी हक्क कायद्याला या दुकानाने आव्हान दिले. दुकानाने वर्षभरात घेतलेल्या मालापैकी 46 टक्के म्हणजे राज्याबाहेरून आलेले मांस होते. आंतरराज्य व्यापाराच्या या दुव्यावर सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये केंद्राचा कायदा दुकानाला लागू असल्याचा निर्णय दिला. साउथ कॅरोलिनातल्या पिगी पार्क या मोहरीच्या सॉससाठी प्रसिद्ध साखळीविरुद्धही 1968 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल गेला. दुसऱ्या बाजूला आर्कान्सातल्या मारियाना गावी जोन्स बार-बी-क्यू डायनर हे कृष्णवर्णीय कुटुंबाचे दुकान विसाव्या शतकाच्या आरंभापासून चालू आहे. तिथे डुकराच्या खांद्याचे मांस पांढऱ्या पावात घालून मिळते, आणि सकाळी उघडलेले दुकान माल संपला की बंद होते. 2012 मध्ये त्यालाही जेम्स बिअर्ड प्रतिष्ठानचा सन्मान मिळाला. 2021 मध्ये आगीत दुकानाचे मोठे नुकसान झाले, पण त्याच वर्षी ते पुन्हा सुरू झाले.

याद्यांनी या धंद्याचे रूपच बदलले आहे. ‘टेक्सास मन्थली’ हे मासिक दर चार-पाच वर्षांनी राज्यातली पन्नास दुकाने निवडते आणि 2013 पासून तिथे बार्बेक्यूसाठी स्वतंत्र संपादक आहे. 2008 मध्ये या यादीत पहिला नंबर मिळाला तो टेक्सासमधल्याच लेक्सिंग्टन गावातल्या स्नोज या दुकानाला. ते फक्त शनिवारी उघडते. 1935 साली जन्मलेल्या टूट्सी टोमानेट्झ तिथल्या भट्ट्या सांभाळत आणि आठवड्याचे बाकीचे दिवस शाळेत देखभालीची नोकरी करत. नंबर जाहीर झाला आणि गावाबाहेरच्या गाड्यांची रांग लागली. 2017 मध्ये तो मान स्नोजला पुन्हा मिळाला. ऑस्टिनमधले फ्रँकलिन बार्बेक्यू 2009 मध्ये एका ट्रेलरमध्ये सुरू झाले. आता त्याच्या दारात सकाळपासून खुर्च्या टाकून बसलेली माणसे हेच शहराचे एक प्रेक्षणीय स्थळ आहे. 2014 मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामा तिथली रांग मोडून पुढे गेले आणि भरपाई म्हणून मागच्या गिऱ्हाइकांचे बिल त्यांनी भरले. 2024 मध्ये उपाहारगृहांना तारे देणाऱ्या मिशलिन मार्गदर्शिकेने टेक्सासातल्या चार बार्बेक्यू दुकानांना प्रत्येकी एक तारा दिला. या सगळ्यात ब्रिस्केट, जो कधी कुणी घेत नसे, तो चैनीचा पदार्थ होऊन बसला.

डोनटचे गणित याच्या अगदी उलटे. बार्बेक्यूला रात्र लागते, डोनटला तळणीत दोन-तीन मिनिटे. यीस्टने फुगवलेल्या मैद्याच्या कड्या सुमारे 190 अंशांच्या तेलात तळून लगेच साखरेच्या पाकाखालून नेतात. गरम असताना पाकाचा पातळ, ठिसूळ पापुद्रा धरतो. काही तासांत तोच पाक ओलसर होतो आणि आतला मैदा कडक होऊ लागतो. त्यामुळे डोनटच्या वादात दुकानाइतकीच वेळ महत्त्वाची. ताज्या जिलेबीला जो नियम, तोच इथेही.

दक्षिणेने हे व्यापारी सूत्र फार लवकर ओळखले. व्हर्नन रुडॉल्फ यांनी 13 जुलै 1937 रोजी नॉर्थ कॅरोलिनातल्या विन्स्टन-सेलममध्ये क्रिस्पी क्रीम सुरू केले, ते किराणा दुकानांना माल पुरवण्यासाठी. रस्त्याने जाणारे वासामुळे थांबून गरम डोनट मागू लागले, तेव्हा त्यांनी भिंतीला भोक पाडून विक्री सुरू केली. पुढे गरम माल निघत असल्याचे सांगणारा लाल दिवा ही कंपनीची खूण झाली. त्याच राज्यातल्या रॅली शहराच्या राज्य विद्यापीठातले विद्यार्थी 2004 पासून एक शर्यत भरवतात. अडीच मैल धावत दुकान गाठायचे, बारा डोनट खायचे आणि पुन्हा अडीच मैल धावत परतायचे, तेही तासाभरात. त्यातून जमणारा पैसा मुलांच्या रुग्णालयाला जातो. कंपनी जगभर पसरल्यापासून ती अजून ‘स्थानिक’ मानायची का, हा मात्र वादाचा विषय आहे. नॉर्थ कॅरोलिनाच्या किनाऱ्यावरचे बरेच लोक त्याऐवजी कॅरोलिना बीचवरच्या ब्रिट्सचे नाव घेतील. 1939 पासून तिथे पाकातला एकच प्रकार मिळतो, तोही सुटीच्या हंगामात.

मेम्फिसमध्ये गिब्सन्स (1967), ह्यूस्टनमध्ये 1936 साली सुरू झालेली शिप्लीची साखळी, ऑस्टिनजवळ राउंड रॉकमधली 1926 ची बेकरी आणि तिचे नारिंगी झाक असलेले डोनट, अशी गावोगावची नावे आहेत. लुइझियानाचा दावा वेगळाच आहे. न्यू ऑर्लिन्समध्ये चौकोनी, बिनभोकाचा, पिठीसाखरेत बुडालेला बेन्ये चिकोरी घातलेल्या कॉफीसोबत खातात. 1862 पासूनचे कॅफे द्यू माँद त्यासाठी ओळखले जाते, आणि राज्याने 1986 मध्ये बेन्येला अधिकृत डोनटचा दर्जा दिला. मॉर्निंग कॉल हा त्याचा जुना प्रतिस्पर्धी. तिथे साखर गिऱ्हाइकाने स्वतः भुरभुरायची असते. ज्यांचे काळे कपडे कॅफे द्यू माँदमध्ये पांढरे झाले आहेत त्यांचा कौल बहुधा तिकडे पडतो.

टेक्सासमधली स्वतंत्र डोनट दुकाने मोठ्या प्रमाणावर कंबोडियन कुटुंबांची आहेत. 1975 मध्ये कंबोडियात ख्मेर रूज ही राजवट सत्तेवर आल्यानंतर निर्वासित अमेरिकेत पोचले. कॅलिफोर्नियात टेड न्गॉय यांनी डोनटच्या धंद्यात जम बसवून अनेकांना त्यात आणले, आणि पुढे स्वस्त जागेच्या शोधात बरीच कुटुंबे टेक्सासकडे वळली. मध्यरात्रीनंतर उठून पीठ मळायचे, घरातल्यांनीच काउंटर सांभाळायचे, भाषा जुजबी आली तरी भागते, असा हा धंदा. या दुकानांत डोनटशेजारी कोलाचे ठेवलेले असतात. फळांचा मुरंबा भरलेला हा गोड पाव चेक स्थलांतरितांनी आणला. सॉसेज भरलेला त्याचा भाऊबंद 1953 साली वेस्ट नावाच्या गावातल्या बेकरीत जन्मला. ह्यूस्टनकडे त्यात लुइझियानाचे भात घातलेले सॉसेजही भरतात. चेक पाव, लुइझियानाचे सारण आणि कंबोडियन मालक, हे एका काचेच्या कपाटात फक्त टेक्सासात सापडते.

या वादात महाराष्ट्राचाही एक धागा आहे. अहमदनगरमध्ये (आताचे अहिल्यानगर) वाढलेले मेहरवान इराणी यांनी 2009 मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या अ‍ॅशव्हिलमध्ये ‘चाय पानी’ सुरू केले, आणि 2022 मध्ये देशातील उत्कृष्ट उपाहारगृहाचा जेम्स बिअर्ड पुरस्कार त्याला मिळाला. त्याच इराणींच्या भागीदारीत शेफ इलियट मॉस यांचे बक्स्टन हॉल हे अख्खे डुक्कर लाकडावर भाजणारे दुकान 2015 मध्ये उघडले. ते पूर्व कॅरोलिनाची पद्धत पश्चिमेच्या डोंगरात घेऊन आले होते. 2023 मध्ये ते बंद झाले.

रॅली, अटलांटा, डॅलस, ह्यूस्टन, ऑस्टिन या शहरांत आता मराठी मंडळे आहेत आणि पाहुण्यांना स्थानिक खाणे दाखवायचे म्हटले की हाच प्रश्न तिथेही निघतो. गोमांस न खाणाऱ्याला कॅरोलिना आणि मेम्फिस सोयीचे, डुक्कर न खाणाऱ्याला टेक्सास. शाकाहाऱ्याने मात्र ताटातल्या तोंडीलावण्यांवरही विसंबू नये. हिरव्या पालेभाजीत बहुधा डुकराचे हाड शिजलेले असते, घेवड्याच्या उसळीत भट्टीवरचे तुकडे पडतात, आणि जुन्या दुकानांत मक्याचा पावही डुकराच्या चरबीत होतो. कोबीची कोशिंबीर, बटाट्याचे सॅलड आणि पाव एवढे साधारण निभावते. डोनट आता बहुतेक ठिकाणी वनस्पती तेलात तळतात, पण पिठात अंडे आहे का, हे विचारून घ्यावे लागते.